सरळ केलेला पाय

टपालचा उजवा पाय कायम उशिरा पोचायचा. दोन्ही हात वेळेवर, डावा पाय वेळेवर, आणि उजवा मागून, केसाएवढा मागून, धापा टाकत आल्यासारखा. चौदाव्या वर्षी मालाच्या ट्रकवरून पडून घोटा मोडला होता. जोडणाऱ्यानं तो जमेल तसा जोडला, आणि तेव्हापासून तो पाय सांगितलेलं लगेच ऐकायचा नाही, आधी जरा विचार करायचा. असा पाय असलेला माणूस शहाणा असता तर बसून करायचं काहीतरी शिकला असता. हाही बसून करायचंच शिकला, पण ड्रम. आणि तेही हेवी मेटलचे, जिथे उजव्या पायाला श्वास घ्यायची फुरसत नसते.

"तुझा पाय काय पोस्टानं येतो का रे?" बँडच्या गिटारवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. झालं. नाव पडलं ते पडलंच. टपाल.

बँडचं नाव गंज. टपाल यायच्या आधी त्यांचे दोन अल्बम निघाले होते, जुन्या ड्रमवाल्याचे. स्वच्छ, नीटनेटके, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग जुना सरकारी नोकरीला लागला आणि टपाल आला, आणि स्टेजवर काहीतरी भलतंच व्हायला लागलं. गिटार पुढे ओढायची आणि तो पाय मागे. चढावर भरलेला ट्रक उभा असावा, आणि आता घसरतो की मग घसरतो असं वाटत राहावं, तसं गाणं अख्खं लटकून राहायचं. खाली उभ्या पोरांच्या पोटात गोळा यायचा. त्या गोळ्यासाठी पोरं दोन-दोन गावं ओलांडून यायची आणि चार वर्षं एकच विचारायची, हे रेकॉर्ड कधी करताय?

शेवटी केलं. नऊ गाणी. आधी ड्रम, म्हणून टपालचं काम सगळ्यात आधी उरकलं, सहा दिवसांत. सातव्या दिवशी त्याला सर्दी झाली. सर्दीचा न्यूमोनिया झाला. अकरा दिवसांत माणूस गेला.

त्याला आठ महिने झाले. मागे राहिली आई आणि बहीण. बहीण सतराची. तिला घरीदारी ठिणगी म्हणायचे, आणि का म्हणायचे ते कुणाला विचारावं लागायचं नाही. नववीत सरांनी तिच्या अंगावर डस्टर फेकलं, तिनं ते परत फेकलं, आणि तिचा नेम सरांपेक्षा चांगला निघाला. शाळा तिथेच संपली. आता ती हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत रोलरवर उभी असायची. ओली चादर एका बाजूनं घालायची, पलीकडून कडक इस्त्रीची निघते. घालताना डाग दिसला तर बाजूला काढायची. ठिणगीच्या नजरेतून डाग सुटत नसे. तेवढ्यासाठीच मुकादमबाई तिचं तोंड सहन करायची.

घरात दादाचे मोबाइलवरचे व्हिडिओ होते सतरा. सतराही ठिणगीनं इतक्या वेळा लावले होते की आता त्यात काही उरलंच नव्हतं. आवाज म्हणजे डब्यात खिळे खुळखुळावेत तसा. पाय तर ऐकूच यायचा नाही. तो पाय नीट, जवळून, जसा होता तसा, फक्त त्या नऊ गाण्यांत होता. दुसरीकडे कुठेच नव्हता.

आई दादा जिवंत असताना म्हणायची, "हे काय गाणं? जिन्यावरून भांडी पडतायत नुसती." आणि तो गेल्यावर महिन्याभरानं, भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "ते यायचंय ना त्याचं, ते आलं की मला ऐकव. सबंध. मध्ये उठायची नाही मी."

ते आलं गुरुवारी सकाळी अकराला.

अकराला ठिणगी रोलरवर होती. रोलरपाशी कानात काही घालायला बंदी, कारण मागे एकीची वायर आत ओढली गेली होती आणि वायरीमागून ती जाता जाता वाचली होती. सुट्टी साडेबाराला. दीड तास ठिणगीनं चादरी अशा घातल्या की मुकादमबाई दोनदा येऊन बघून गेली.

"आज काय अंगात आलंय का तुझ्या?"

"माझ्या भावाचा अल्बम आलाय."

मुकादमबाईनं रोलरकडे बघितलं. मग म्हणाली, "डाग बघ नीट," आणि गेली.

साडेबाराला ठिणगी मळक्या चादरींच्या ढिगामागे जाऊन बसली, डबा न उघडता. कानात घातलं. डोळे मिटले. पहिलं गाणं. गिटार आली. दादा आता येणार म्हणून तिनं श्वास रोखला.

ड्रम आले. हात आले, डावा आला, आणि उजवा पायही आला. वेळेवर.

तिला वाटलं, सुरुवात आहे, अजून पाय तापला नसेल. दुसरं गाणं. तिसरं. गिटार पुढे, पाय बरोबर तिच्या बोटाला धरून. मागे काही ओढत नव्हतं, काही लटकत नव्हतं. तोच ट्रक आता सपाट रस्त्यावर, रिकामा, धडधडत चाललेला. सहावं गाणं तर ते, जे स्टेजवर वाजलं की पोरं रडायची. त्यात दादा मधे थांबायचा आणि मग पाय यायचा, आणि तो येईपर्यंतचा तो एवढासा वेळ सगळ्या हॉलला तोंड उघडं ठेवून उभं करायचा. इथे पाय आला. दारावरची बेल वाजावी तसा आला.

तिनं खाली लोकांनी काय लिहिलंय ते बघितलं. नको होतं बघायला.

"पाच वर्षं थांबलो ते ह्याच्यासाठी?"

"ड्रम मशीनचे आहेत. उघड आहे."

"मेलेल्या माणसाचं नाव वर टाकलंय आणि आत कॉम्प्युटर वाजवतोय. लाज आहे का?"

त्याखाली अंगठे. दोनशे चाळीस अंगठे.

ठिणगीनं एकाला आईवरून लिहिलं, दुसऱ्याला बापावरून, आणि तिसऱ्यापाशी तिचं बोट थांबलं. कारण तिलाच कळेना, खोटं कोण बोलतंय. दादा यात आहे की नाही?

ती उठली आणि ॲप्रन ढिगावर फेकून दाराकडे निघाली.

"ए! सुट्टी संपली." मुकादमबाई.

"मी चालले."

"चाललीस तर उद्या यायचे कष्ट घेऊ नकोस."

"नाही घेत, जा," ठिणगी म्हणाली आणि लाँड्रीच्या रबरी चपलांतच रस्त्याला लागली.

गिटारवाल्याला सगळे भिंगवाला म्हणायचे, कारण तो चष्म्याच्या काचा घासायचा. चष्म्याच्या दुकानामागे त्याची छोटी खोली. तिथे एक फिरतं चाक, चाकावर पाण्याची बारीक धार, सगळीकडे पांढरा चिखल. दहा बाय दहाच्या त्या खोलीत पंधरा वर्षं तो एकच काम करत होता: काच नंबराला एवढीशीही कमी-जास्त राहू द्यायची नाही. हात तसेच, मनही तसंच झालेलं. कपाचा कान टेबलाच्या कडेला सरळ नसेल तर तो कप फिरवून मग चहा प्यायचा.

ठिणगी आत शिरली तेव्हा तो एक काच दिव्याला धरून बघत होता. ती दिसताच त्याचा चेहरा फुलला. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

"ऐकलंस?"

"कोण वाजवतंय ते?"

"म्हणजे?"

"ड्रम कोण वाजवतंय, भिंग्या? सरळ सांग. नाहीतर ही काच तुझ्या डोक्यात घालते."

"अगं, टपालच. दुसरं कोण? प्रत्येक ठोका त्याचा आहे, ठिणगे. आईशप्पथ. एकही बाहेरचा नाही." त्यानं चाक बंद केलं. ते फिरत फिरत थांबेपर्यंत तो तिच्याकडे बघत होता, जसा काही शाबासकीला थांबलाय. "फक्त पाय तेवढा सरळ केलाय."

"काय केलाय?"

त्यानं तिला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी नेलं. पडद्यावर काळ्यावर हिरव्या उभ्या रेघा होत्या, फणीच्या दातांसारख्या, आणि प्रत्येक रेघेवर एकेक पांढरा काटा बसलेला. काटा म्हणजे ठोका. दादाचा काटा मुळात रेघेच्या उजवीकडे, म्हणजे उशिरा पडायचा, कधी एवढा, कधी तेवढा. भिंगवाल्यानं तो धरून रेघेवर आणून ठेवला होता. एकेक. हातानं.

"एक बटण असतं, त्यानं सगळे एकदम होतात," तो म्हणाला. "पण ते आंधळं काम. आवाज फाटतो. मी रोज दुकान उघडायच्या आधी दोन तास बसलो. आठ महिने. अकरा हजार चारशे ठोके आहेत, मोजलेत मी. एकही राहिला नाही."

ठिणगीनं शिवी शोधली, सापडली नाही. शिव्या द्यायला माणूस आधी वाईट असावा लागतो.

"कोणी सांगितलं होतं तुला?" तिनं विचारलं.

भिंगवाल्यानं हात पुसले, आधीच कोरडे असलेले. "त्यानं विचारलं होतं. शेवटच्या दिवशी, रेकॉर्डिंग संपवून खोलीतून निघताना. म्हणाला, ऐकू येतो का रे उशीर? मी म्हटलं, येतो. स्पष्ट येतो. तर हसला, आणि म्हणाला, म्हणजे आता हा कायमचा राहणार."

"मग?"

"मग काय मग. गेला ना तो. आणि माझ्या डोक्यात तेच. आता हा कायमचा राहणार. लोक ऐकणार आणि म्हणणार, लंगडा वाजवतोय. मी म्हटलं, नाही. माझ्या हातात आहे तर मी नाही राहू देणार."

"तो हसला ना?"

"हो."

"गाढवा, तो हसला! तो खूश होता! चार वर्षं शेजारी उभा राहिलास आणि एवढं नाही कळलं तुला? त्या पायासाठी यायचे लोक. तुझ्या गिटारीसाठी कुत्रं नसतं आलं!"

भिंगवाला खाली बसला. स्टूल होतं म्हणून बरं. बराच वेळ तो पडद्यावरच्या रेघांकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावरून दिसत होतं की तो एकेक कार्यक्रम आठवतोय, पोरांचे चेहरे आठवतोय, आणि आत कुठेतरी काच तडकत चाललीय.

"आधीचं दे," ठिणगी म्हणाली. "सरळ करायच्या आधीचं. मला आईला ऐकवायचंय. बाकी तुझा अल्बम घाल चुलीत."

त्यानं कॉम्प्युटरच्या कडेचा पांढरा चिखल अंगठ्यानं पुसला.

"भिंग्या."

"त्याच्यावरच सेव्ह करत गेलो मी."

"कॉपी असेल."

"होती." त्यानं मान वर केली नाही. "काढून टाकली. ती असती तर रोज तिच्याशी ताडून बघत बसलो असतो. काम पुढे सरकलंच नसतं. काच घासून झाली की निघालेला चुरा कोण ठेवतं?"

"चुरा?"

"तसं नाही गं—"

"चुरा म्हणालास तू माझ्या भावाला?"

तिनं समोरचा काचांचा ट्रे उचलला. तो म्हणाला नाही की ठेव. हात आडवा घातला नाही. नुसता बसून राहिला, आणि म्हणून तिला तो फेकता आला नाही. तिनं ट्रे होता तिथे ठेवला.

"मग परत मागे ने," ती म्हणाली. "पुढे आणता आला ना? मागे ने."

त्यानं एक गाणं उघडलं, ते सहावं. सगळे काटे धरले आणि एकदम उजवीकडे सरकवले. वाजवलं. पाय उशिरा आला. प्रत्येक वेळी सारखाच उशिरा, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी वेळेवर येणारं मशीन होतं, आता उशिरा येणारं मशीन होतं. बास.

"तसा नव्हता तो," ठिणगी म्हणाली. "सुरुवातीला कमी. मग वाढायचा. आणि थांबून आला की जास्त."

"किती जास्त?"

"मी सांगते. तू सरकव."

ती शेजारी स्टूलवर बसली आणि त्यांनी सुरू केलं. एकेक काटा. मागे. अजून. नाही, जास्त झालं, जरा पुढे. हां. पुढचा. तिनं डोळे मिटून हॉल आठवला, गर्दी, घाम, स्टेजच्या कडेला ती स्वतः, दादाचा गुडघा वर उचललेला, आणि मग तो क्षण. हां, इथे. भिंगवाला काटा ठेवायचा. दुकानातून मालकानं दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा त्यानं ओ दिली नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत चाकावर आली, चाकावरून जमिनीवर. चार तासांत गाण्याचं अर्धं मिनिट झालं.

"लावू?" त्यानं विचारलं.

"लाव."

वाजलं. पाय मागे होता, कमी-जास्त होता, मधे थांबून आला. भिंगवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाच," तो म्हणाला. "अगं, हाच की. जमतंय."

ठिणगीनं परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिला कळलं, हे दादाचं नाही. हे तिचं आहे. तिला जिथे हवा होता तिथे पाय येत होता. दादाचा तिला हवा तिथे कधीच आला नव्हता. तिथेच तर सगळी गंमत होती. आणि वाईट हे, की चार तास हेच डोक्यात घोळवून आता खरा कसा यायचा ते तिला आठवेनासं झालं होतं. सकाळी आठवत होतं. चादरींच्या ढिगामागे बसली तेव्हा अगदी नीट आठवत होतं.

"पुस ते," ती म्हणाली.

"कशाला? एवढं केलं—"

"पुस म्हटलं ना."

त्यानं पुसलं. ती दारात पोचल्यावर तो म्हणाला, "आईंना काय सांगशील?"

"तू येऊन सांग," ती म्हणाली. तो येणार नाही हे तिला माहीत होतं, आणि त्यालाही.

घरी आई खुर्चीत बसलेली. हात धुऊन, केस विंचरून, कुणाकडे जायचंय अशी. शेजारच्या पोरानं तिला सांगितलं होतं की आलंय. तिनं टेबलावरचं सगळं उचलून मधोमध छोटा स्पीकर ठेवला होता.

"उशीर केलास," आई म्हणाली. "लाव."

"जेवून घेऊ आधी."

"लाव गं."

रस्ताभर ठिणगीनं ठरवलं होतं की आल्या आल्या सांगून टाकायचं, भिंग्याच्या नावानं खडे फोडायचे आणि मोकळं व्हायचं. आईचे विंचरलेले केस बघून तिनं लावलं.

पहिलं गाणं आई मांडीवर हात ठेवून ऐकत राहिली. भांडी पडतायत असं म्हणाली नाही. दुसऱ्यात जरा पुढे वाकली. तिसरं सुरू झाल्यावर म्हणाली, "यात तो कुठला? मला नाही समजत यातलं."

"तो खालचा आवाज बघ. धप, धप. तो त्याचा उजवा पाय."

"हा?"

"हा."

आई ऐकायला लागली. तिचं बोट खुर्चीच्या हातावर धप धप पडायला लागलं, आणि मग थांबलं.

"हा वेळेवर पडतोय," आई म्हणाली.

ठिणगी स्पीकरकडे बघत राहिली.

"त्याचा पाय बरा झाला होता का गं शेवटी?"

"हो," ठिणगी म्हणाली. "झाला होता."

"मग मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत जिन्यावर तसाच का चढत होता?" आई चिडली नव्हती. नुसतं विचारत होती. "सोळा वर्षं ऐकलाय मी तो पाय जिन्यावर. शेवटच्या पायरीवर तर मोजायची मी. एक, आणि मग दुसरा. हा नाही तो."

मग ठिणगीनं सांगितलं. भिंगवाल्याचं, रेघांचं, काट्यांचं, पुसून टाकलेल्या कॉपीचं. नोकरी गेल्याचंही सांगून टाकलं, सांगतेच आहे तर. दादा हसला होता ते मात्र तिला सांगवेना. गाणी चालूच होती. ठिणगीचं बोलून झालं तेव्हा पाचवं संपत आलं होतं.

"आठ महिने बसला होता तो, रोज?" आईनं विचारलं.

"हो."

"वेडा आहे."

"बंद करू?"

"नको. सबंध म्हटलं होतं मी."

सहावं झालं. सातवं. खिडकीतला उजेड कमी झाला, दिवा लावायला कुणी उठलं नाही. आईनं डोळे मिटून मान खुर्चीला टेकली होती, आणि ठिणगी जमिनीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. आठवं, नववं. धडधड चालू होती, एकसारखी, आणि तिला आता राग येत नव्हता. ती काहीच ऐकत नव्हती.

मग गाणारा तोंड उघडून गायला लागला आणि ठिणगीनं दचकून डोकं वर केलं. आवाज वेगळा होता. भाषाही वेगळी. तिनं मोबाइल उचलून बघितला. गंजचा अल्बम केव्हाच संपला होता. मोबाइलनं आपलं आपण पुढचं लावलं होतं, कुठल्यातरी लांबच्या देशातला कुठलातरी बँड, आणि हे त्यांचं दुसरं गाणं चालू होतं. एक अख्खं होऊन गेलं होतं. तिलाही कळलं नव्हतं. तिला, जिच्या नजरेतून डाग सुटत नाही.

तिनं बंद करायला बोट नेलं.

"राहू दे," आई डोळे न उघडता म्हणाली. "अजून आहे ना त्याचं?"

ड्रम वाजत होते. पाय वेळेवर पडत होता.

"आहे," ठिणगी म्हणाली, आणि मोबाइल उलटा करून ठेवला.